मोहरीची पेटी

"नवी आहे ना, चार दिवस कोंडली की येईल वळणावर," ठिपकी कोंबडी मांजरीच्या कानात म्हणाली. जनावरांचं बोलणं माणसांना कळत असे, त्या काळची ही गोष्ट. पेटीत पडलेल्या मोहरीनं ते ऐकलं आणि झोपेचं सोंग घेतलं.

मोहरी म्हणजे द्वारकाकाकूंची नवी कुत्री. आल्याआल्या तिनं त्यांची एक चप्पल फस्त केली, म्हणून काकूंनी आंब्याच्या मोठ्या पेटीला दार बसवलं. शेतावर जाताना त्या तिला आत घालून कडी लावत. आत त्यांचं जुनं लुगडं अंथरलेलं असे. त्याची ऊब, काकूंचा वास, शेपटीवर कुणाचा पाय नाही. मोहरीला पेटी मनापासून आवडली. फक्त कडी वाजली की ती उठून दार नखांनी ओरबाडू लागे.

एकदा काकूंना परतायला संध्याकाळ झाली. मोहरीनं धरवलं तोवर धरलं, शेवटी लुगडं भिजलंच. काकूंनी दार उघडलं तेव्हा ती अंग चोरून बसली होती.

"अजून कोंडा!" कोंबडी म्हणाली. "आम्ही नाही रोज खुराड्यात जात?"

"पेटी चुलीत घाला," मांजर म्हणाली. "अब्रूदार जनावर कुठं कोंडून घेतं का?"

काकूंना आधीच वाईट वाटत होतं. त्यांनी खरोखरच कुऱ्हाड काढली.

तेव्हा मोहरी त्या घरात पहिल्यांदा बोलली, "काकू, पेटी राहू द्या, ती माझी आहे. कडी तेवढी काढा. आणि चपला जरा उंच ठेवा. त्या बाबतीत माझा मलाच भरवसा नाही."