गोड तळ्याचं कडू पाणी

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्याचं पाणी बारा वर्षांत कोणी भरलं नव्हतं.

तळं राजधानीच्या ऐन मध्यावर होतं. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या आणि पाणी असं नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. तरी नगरातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन तीन कोसांवरच्या झऱ्याला जात, कारण तळ्यात विष होतं. म्हशी मात्र रोज दुपारी त्याच विषात डुंबत, पोटभर पाणी पीत आणि संध्याकाळी चरवी भरून दूध देत. ते दूध सगळे पीत. परगावचा एखादा पाहुणा बुचकळ्यात पडून विचारी, तेव्हा लोक म्हणत, "म्हशीची गोष्ट वेगळी." म्हशीची गोष्ट वेगळी का, हे विचारायला पाहुणा काही थांबत नसे.

हे विष तळ्यात आलं ते एका वाक्यानं. धूम्रकेश नावाचा जादूगार दरबारात आला आणि म्हणाला, "या तळ्यात विष आहे. जो पिईल तो दगड होईल." राजानं ताबडतोब सगुणेला बोलावलं. सगुणा ही राजाची पाणीपारखीण. थेंबभर पाणी जिभेवर घेऊन ते कुठल्या विहिरीचं, विहिरीवर झाड चिंचेचं की जांभळाचं, हे ती सांगत असे आणि तिचं कधी चुकत नसे. तिनं चांदीच्या वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, दरबाराकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं, "कडू."

ती स्वतः काही दगड झाली नाही. पण थेंबानं काही होत नसतं, असं लोकांनी आपसांत ठरवून टाकलं.

पुढच्या बारा वर्षांत पाच जण ते पाणी प्याले आणि पाचही जण दगड झाले. त्यातला तिसरा सगुणेचा एकुलता एक मुलगा, हैबती. दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या दुपारी, तहानेनं जीव जात असताना, त्यानं पायरीवर बसून ओंजळ तोंडाला लावली. ती ओंजळ तशीच राहिली. तेव्हापासून सगुणा रोज सकाळी जाई आणि पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसून येई.

एके दिवशी दवंडी पिटली. आजपासून आठव्या दिवशी राजा तळं बुजवणार, पायऱ्यांवरच्या दगडांसकट. सगुणेनं राजाचे पाय धरले.

"महाराज, माझा मुलगा आहे तिथं."

"विष गाडलंच पाहिजे, सगुणाबाई," राजा म्हणाला. "पारख तर तुमचीच आहे."

यावर ती काय बोलणार? घरी येऊन तिनं फडक्यात भाकरी बांधली आणि धूम्रकेशाच्या शोधात निघाली.

तीन दिवसांच्या वाटेवर, काटेसावरीच्या ढोलीत तो राहत होता. म्हातारा झाला होता, गोधडीला ठिगळ लावत बसला होता. तिनं विचारलं, "तळ्यात विष का घातलंस?"

"विष? मी नाही घातलं. मी फक्त बोललो," तो म्हणाला. "मला चार दिवस निवांत आंघोळ करायची होती. तुमच्या तळ्यावर फार गर्दी. चार दिवस डुंबलो आणि निघून आलो. तुम्ही बारा वर्षं थांबलात, याचं मलाच नवल वाटतं."

सगुणा पुढे सरसावली. "मग माझा मुलगा दगड कसा झाला?"

"जादूगाराच्या खोट्याला विश्वासाचं दूध पाजलं की त्याला दात फुटतात, बाई. म्हशींना कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्या सुटल्या. आता ते खोटं माझं राहिलेलं नाही. तुमच्यापैकी तिघांनी ते उचलून धरलंय. एकानं ते फिरवलं, एकानं जवळ केलं, एकानं त्यावर शिक्का मारला. तिघांना विचार, का? तीन खरी उत्तरं मिळाली की शाप उतरेल." मग त्यानं ढोलीतून एक साळुंकी काढून तिच्या खांद्यावर बसवली. "उत्तर खोटं असलं तर ही हसेल. खरं असलं तर गप्प बसेल."

तीन दिवस चालून सगुणा परत आली. सातव्या दिवशी सकाळी ती सटवा दवंडीवाल्याकडे गेली. बारा वर्षं रोज सकाळी तोच ओरडत असे, तळ्यात विष आहे हो!

"सटवा, तुम्ही हे खरं का मानलंत?"

"राजाची आज्ञा, सगुणाबाई."

साळुंकी खदखदून हसली. सटवा चपापला. त्यानं ढोलकं मांडीवर घेतलं.

"पहिले चार दिवस मलाही शंका होती," तो म्हणाला. "मग रोज कानांवर पडायला लागलं. इतक्यांदा ऐकलेली गोष्ट खोटी कशी असेल?"

"कोणाकडून ऐकलीत?"

सटवानं ढोलक्याकडे पाहिलं. "माझ्याच तोंडून की हो," तो हळूच म्हणाला. साळुंकी गप्प बसली.

दुपारी ती राजाकडे गेली. राजा म्हणाला, "प्रजेच्या रक्षणासाठी मानलं." साळुंकी इतकी हसली की चोपदाराच्या हातून काठी पडली. राजाची चर्या लाल झाली, पण सगुणा हात जोडून उभीच राहिली. हळूहळू राजाचे खांदे उतरले.

"जादूगार यायच्या आदल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ गेला," तो म्हणाला. "तीन दिवस ताप, आणि गेला. कशानं, ते एकाही वैद्याला सांगता येईना. मी झोपत नव्हतो. मग हा म्हणाला, तळ्यात विष आहे. त्या रात्री मला झोप लागली. कारण सापडलं होतं ना."

साळुंकी गप्प होती. सगुणेला राजाची फार कीव आली. तिलाही कारण हवं असे, रोज सकाळी, धूळ पुसताना.

राजवाड्यातून उतरताना तिनं विचारलं, "साळुंके, तिसरा माणूस कोण?"

"तुला ठाऊक आहे," साळुंकी म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांत शेवटी विचारते आहेस."

आठव्या दिवशी सकाळी दगडमातीच्या गाड्या काठावर येऊन लागल्या. सारं नगर जमलं होतं. सगुणा पायऱ्या उतरली, हैबतीच्या शेजारी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "बारा वर्षांपूर्वी मी हे पाणी कडू आहे असं सांगितलं. त्या दिवशी माझी जीभ बिघडली होती."

साळुंकी हसली.

"मी जादूगाराला भ्याले."

साळुंकी पुन्हा हसली. लोक कुजबुजू लागले. सगुणेनं मुलाच्या दगडी खांद्यावर हात ठेवला.

"पाणी गोड लागलं," ती म्हणाली. "जिभेला लागलं त्या क्षणी कळलं, गोड आहे. मान वर केली तर सगळा दरबार कडू ऐकायला टपला होता. एवढ्या माणसांत एकटीनं गोड म्हणायचं मला जमलं नाही. मी कडू म्हटलं. घरी पोचेपर्यंत मलाही ते कडूच आठवायला लागलं. हैबतीनं विचारलं होतं, आई, खरंच कडू आहे का गं? मी हो म्हणाले. त्यानं जादूगाराचं नाही खरं मानलं. माझं मानलं."

साळुंकी गप्प बसली. 

सगुणा खाली बसली आणि ओंजळ भरून प्याली. दुसरी भरली, तीही प्याली. तिला काहीच झालं नाही. मग राजा पायऱ्या उतरला, तिच्या शेजारी बसला आणि भावाचं नाव घेऊन एक ओंजळ प्याला. पाठोपाठ सटवानं ढोलकं बाजूला ठेवलं आणि तोही प्याला.

तेव्हा हैबतीच्या बोटांना रंग आला. मग मनगटाला, मग गळ्याला. दोन वर्षं ओठांशी थांबलेला घोट त्यानं गिळला, तोंड पुसलं आणि तो आईकडे नवलानं पाहू लागला.

"आई, हे तर गोड आहे. तू कडू म्हणाली होतीस."

"हो रे बाळा," सगुणा म्हणाली. "मी खोटं बोलले."

तिनं दुसरं कारण दिलं नाही.  हैबतीनं ओंजळ भरली आणि तिच्यापुढे धरली. बाकीचे चौघेही एकेक करून उठले आणि आपापल्या घरची माणसं शोधू लागले.

दगडमातीच्या गाड्या परत गेल्या. काही बायका पुढे सहा महिने झऱ्यालाच जात राहिल्या. पायांना सवय झाली आहे, म्हणत.

सगुणेनं पारखीणपद सोडायची तयारी दाखवली, पण राजानं तिला जाऊ दिलं नाही. तिनं मात्र एक अट घातली. यापुढे पाणी तिघांनी चाखायचं, तीन वेगळ्या खोल्यांत, दारं लावून, आणि एकमेकांचं ऐकण्याआधी उत्तर सांगायचं. पहिल्याच वेळी एक म्हणाला गोड, एक म्हणाला तुरट आणि तिसरा म्हणाला, मला कळत नाही.

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगुणा मात्र बारा वर्षांत पहिल्यांदा हसली आणि त्या तिसऱ्याला तिनं आपल्या हातचं सोन्याचं कडं दिलं. त्या राज्यातली साळुंकी त्यानंतर बरीच कमी हसली, असं म्हणतात; आणि तुम्ही पडताळून न पाहता लगेच मान डोलावलीत, तर ती तुमच्याही खिडकीत येऊन बसेल.