माहेरची गाडी

“सून गप्प आहे ते बरंय, पण तिच्या गाडीतच खोट आहे. माहेरी पाठवून द्या परत,” माझे चुलत सासरे, तात्या, पडवीत सासूबाईंना सांगत होते. मी आत भाकऱ्या थापत होते.

तात्यांच्या गॅरेजचा तालुक्यात दबदबा. माहेरहून आलेल्या माझ्या मोटरसायकलला एचआयडी, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा, दिवा त्यांनीच बसवला होता. तेव्हापासून दिवा लावला की उभ्या गाडीतही स्पीडचा काटा नाचायचा.

माझे वडील लग्नाच्या मांडवांत स्पीकर लावतात. लाइटची वायर माइकच्या वायरीला चिकटली की माइक गुणगुणतो, हे मी परकर नेसायच्या वयात शिकले. इथे तर तात्यांनी दिव्याची आणि मीटरची वायर, सुबक दिसावी म्हणून, एकाच टेपमध्ये गुंडाळली होती.

हात धुऊन मी अंगणात गेले. टेप सोडली, दिव्याची वायर दुसऱ्या बाजूने नेली आणि दिवा लावला. काटा शून्यावरून हलला नाही.

“काय केलंस गं?” तात्यांनी विचारलं.

त्या घरात मी पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “गाडी चांगलीच आहे, तात्या. जोरकस वायरीला नाजूक वायर बांधली की नाजूकच बिथरते, आणि नाव तिच्या माहेराचं खराब होतं.”