विस्तवाला अडसर

फार मागची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाच्या वेशीपाशी लोहाराची भट्टी होती. लोहार एकटा होता. बायको मागेच गेली होती, मूलबाळ नव्हते. तरी एकटेपण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला कारण होते ती गावाची रीत.

त्या गावात रात्री कोणी चूल धुमसत ठेवत नसे. सरपण उगाच का जाळायचे? उजाडले की घराघरातून कोणीतरी खापर घेऊन लोहाराकडे येई. भट्टीतले दोन निखारे खापरात घेई आणि जाण्याआधी भात्याची दोरी थोडा वेळ ओढून देई. विस्तवाचे मोल नव्हते, ओढण्याचेही नव्हते. एकाने दोरी सोडली की दुसरा धरी. लोहाराचे हात लोखंडावर असत आणि कान गावावर. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, सगळे त्याला तिथेच कळे.

भट्टी त्याच्या आजोबांनी पेटवली होती. तेव्हापासून ती विझली नव्हती. रात्री राखेखाली निखारा जागा असे. लोहाराला त्याचा मोठा अभिमान होता.

सगळ्यांच्या आधी धुरपाकाकी येई. गावाच्या पार टोकाला तिची झोपडी. म्हातारी, एकटी. हात थरथरत, पण दोरी ओढल्याशिवाय ती जात नसे.

"काकी, राहू दे. तू ओढलंस की भाता हसतो," लोहार म्हणे.

"हसू दे की. या घरात कोणीतरी हसलं पाहिजे."

मग एका वर्षी शेजारच्या मुलखात पाऊस पडला नाही. चारा महागला. राजाच्या पागेत घोडी पुष्कळ. खजिना आटू लागला, तेव्हा राजाने रानातल्या कोळशावर कर बसवला. कोळसेवाल्याने भाव वाढवला. लोहाराने घोड्याच्या नालांचा भाव वाढवला. यात कोणाचे काय चुकले? ज्याने त्याने आपले पोट सांभाळले.

पण नालांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक राजाच होता. पागेचा कारभारी घोड्यावरून तणतणत आला.

"काय रे, नाल सोन्याचे करतोस का?"

"लोखंडाचेच आहेत, सरकार. कोळसा महागलाय."

"कोळसा का महागला?"

"तुम्ही कर बसवलात."

"कर उगाच बसवला का? पागेचा खर्च वाढलाय."

"तो का वाढला?"

कारभाऱ्याने एक नाल उचलून पाहिला. मग म्हणाला, "एक तर चारा महाग. आणि आता तुझे नाल."

 कोणी हसले नाही. कारभाऱ्याने नाल घेतले आणि तो गेला. पुढच्या महिन्यात कर दुप्पट झाला.

त्या दिवसापासून लोहाराची नजर बदलली. खापर भरून जाताना दिसले की त्याला वाटे, हा माझा कोळसा चालला. मी घाम गाळतो आणि माझ्या जिवावर गावाच्या भाकऱ्या भाजतात. एका पहाटे त्याने भट्टीचे दार लोटले आणि आतून अडसर घातला.

धुरपाकाकीने दार वाजवले.

"अरे, उजाडलं. दार का लोटलंस?"

"कोळसा महागलाय, काकी. आजपासून विस्तव नाही."

"दोन निखाऱ्यांनी तुझी भट्टी रिती होते का?"

"तुझे दोन. आणि गावाचे?"

बाहेर खापर जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हातारी म्हणाली, "बरं. मग दोरी तेवढी ओढून जाऊ का?"

"नको," लोहार म्हणाला.

तिची पावले लांब गेली. तिच्यामागून आलेलेही तसेच परतले.

लोहाराला वाटले, कोळसा वाचला. पण माणसाला हात दोनच. दोरी ओढावी तर लोखंड कोणी धरायचे? लोखंड धरावे तर आग मंद. घण उचलेपर्यंत लाली उतरून जाई. मग पुन्हा तापवा, पुन्हा ओढा. पूर्वी जेवढ्या कोळशात चार नाल होत, तेवढ्यात आता दोन होईनात. निखारे किती जातात हे त्याने पाहिले होते. हात किती येतात हे पाहायचे राहून गेले होते.

त्याने कुंभाराच्या थोरल्या मुलाला विचारले, "भाता ओढायला येशील का?"

"येईन. धान्य काय देशील?"

"इतके दिवस फुकट ओढत होतास की."

"इतके दिवस विस्तव फुकट होता," तो म्हणाला आणि चालू लागला.

इकडे गावात घरोघर रात्रभर चूल धुमसत ठेवावी लागली. जिथे एक भट्टी पुरत होती, तिथे प्रत्येक घरात गोवऱ्या जळू लागल्या. गोवऱ्या महागल्या. मग शेजारीण विस्तव मागायला आली की बायका म्हणू लागल्या, "आमचाही विझलाय बाई." छपरातून धूर निघत असे आणि दारात हे बोलणे चाले. मागणारीला धूर दिसत असे. नाही म्हणणारीलाही ते ठाऊक असे. हळूहळू मागणेच बंद झाले. सकाळी कोणी कोणाच्या दारात जाईना.

लोहार आत एकटा घण घाली. आवाज भिंतीवर आपटून त्याच्याचकडे परत येई. म्हैस कोणाची व्याली, त्याला कळत नसे. कळावे असे वाटे, पण अडसर काढायला मान आडवा येई.

पावसाळ्यात झड लागली. लोहार तापाने पडला. कोणी आले नाही. कोण येणार? दार बंद असणार, हे गावाला आता पाठ झाले होते. ताप उतरला तेव्हा तो भिंत धरत भट्टीपाशी गेला. राख उकरली. हात खोल घातला. राख गार होती.

आजोबांचा विस्तव गेला.

त्याने खापर शोधले आणि जन्मात पहिल्यांदा विस्तव मागायला बाहेर पडला. पहिल्या दारात बाई म्हणाली, "आमचाही विझलाय." दुसऱ्या दारातही तेच. कुंभाराने तर दार उघडले नाही, आतूनच म्हणाला, "गोवऱ्या महागल्यात, लोहारदादा." सगळ्या छपरांतून धूर निघत होता. लोहार रिते खापर घेऊन पुढे चालत राहिला. बोलायला तोंड नव्हते.

शेवटी तो धुरपाकाकीच्या झोपडीशी आला. फक्त तिच्याच छपरातून धूर निघत नव्हता. म्हातारी भिजवलेली डाळ चावत बसली होती. चुलीत कोळिष्टक होते.

"काकी, किती दिवस?"

"मोजले नाहीत. तुझी भट्टी कशी आहे?"

"विझली."

म्हातारीने त्याच्या हातातले खापर पाहिले. टोमणा मारायची वेळ होती, तिने मारला नाही. "बस. डाळ खा," एवढेच म्हणाली.

लोहार घरी परतला. गारगोटीवर लोखंड आपटून ठिणगी पडे, पण झडीत सगळे सरपण ओले झाले होते. घरात कोरडे लाकूड एकच होते, दाराचा अडसर. त्याने तो फोडला. त्याच्या ढलप्यांवर दिवस कलता कलता आग धरली. पहिले निखारे तो धुरपाकाकीकडे घेऊन गेला. पुढे रोज सकाळी नेत राहिला. थंडी सरता सरता म्हातारी गेली. मग खापर नेण्याजोगे दार उरले नाही.

पुढच्या साली शेजारच्या मुलखातही पाऊस झाला. चारा स्वस्त झाला. राजाने कर उठवला, कारण तो वसूल करणाऱ्यांचाच खर्च करापेक्षा जास्त झाला होता. कोळसा पहिल्या भावावर आला. गोवऱ्याही आल्या. लोहाराने गावभर सांगितले, "दार उघडं आहे. विस्तव न्या."

लोक म्हणाले, "बरं." कोणी आले नाही. ज्याने त्याने आपापली चूल राखायची सवय करून घेतली होती.

लोहार म्हातारा झाला तरी भट्टीचे दार उघडे असे. पहाटे तो दोन निखारे बाजूला काढून ठेवी आणि रस्त्याकडे बघत बसे. निखारे राखाडी पडले की उठे आणि एकटाच भात्याची दोरी ओढू लागे.

म्हणून सांगतो: महागाईत काटकसर आपल्या ताटात करावी, शेजाऱ्याच्या चुलीत करू नये.