डाळिंबाचे चार दाणे

पूर्वी, ऋतू म्हणून काही असते हे पृथ्वीला ठाऊकच नव्हते अशा काळी, यवनांच्या देशात डिमिटर नावाची सुवर्णकेशा धान्यदेवता नांदत होती. बारा महिने शेते डोलत, फुले कोमेजत नसत. तिच्या घरी एकच रीत होती बरे का: गरिबाने आपल्या घासातला घास पुढे केला, तर तो कधी नाकारायचा नाही. तिची लेक पर्सिफोनी याच रीतीत वाढली.

एके दिवशी फुले वेचणाऱ्या त्या लेकीला मृतांचा राजा, पाताळपती हेडीज याने रथात घालून पळवले. भूमी दुभंगली, एक किंकाळी आली, भूमी मिटली. डिमिटरने पिकांवरची दृष्टी काढून घेतली. कणसे आतल्या आत काळी पडली, आयांचे दूध आटले. तेव्हा भ्यालेल्या देवराज झ्यूसने आपला दूत हर्मिस याला पाताळात धाडले.

हर्मिस तिला रथातून घेऊन आला. लेक आईच्या गळ्यात पडली. आईने तिला पुन्हा पुन्हा कुरवाळले; आणि मग तिचे लक्ष गेले, हर्मिसने लगाम सोडला नव्हता.

"उतर ना रे बाबा! घोडे किती वेळ उभे ठेवशील?"

"माते, आधी तिला एक विचार. पाताळाचे अन्न ज्याच्या पोटात जितके गेले, तितका तो पाताळाचा. हा नियम देवराजालाही मोडवत नाही."

विचारूच नये, असे डिमिटरला वाटले. पण घोडे खूर आपटत होते.

"पोरी, तिथं काही खाल्लंस का गं?"

"छे! त्या मेल्याच्या सोन्याच्या ताटाला शिवलेसुद्धा नाही मी."

डिमिटरने श्वास सोडला.

"निघताना दारातल्या म्हाताऱ्या दासीनं तेवढे डाळिंबाचे दाणे दिले. स्वतःसाठी ठेवलेले, चारच. हात कापत होता गं तिचा. तिला नाही कसं म्हणू? तूच शिकवलंस ना, आई?"

हर्मिसने मान खाली घातली.

"चार दाणे, चार मास पाताळात," तो हळूच म्हणाला. "दरवर्षी."

आईने लेकीला घट्ट धरले, इतके की लेकच घाबरली.

तेव्हापासून वर्षातले आठ मास पृथ्वी हिरवी असते. मग एखाद्या सकाळी, वारा नसताना, झाडावरून पहिले पिवळे पान गळते. त्या देशीची माणसे हातातले काम थांबवून गप्प उभी राहतात. डिमिटरच्या दारात घोडे खूर आपटू लागलेले असतात.