हौसाचा उंबरा

ज्याला घर नाही, त्याचा उंबरा कुठे असतो, सांगाल?

हौसा उड्डाणपुलाखाली राहायची. रोज फूटपाथ झाडून विटेच्या भुकटीची रांगोळी काढायची. येणारेजाणारे ती बघायला थांबत. समोरच्या सोसायटीच्या अध्यक्ष कुमुदिनीबाईंच्या रंगीत रांगोळीकडे मात्र कुणी बघेना. एका सकाळी त्या जळफळत रस्ता ओलांडून आल्या.

"रांगोळी उंबऱ्यापुढे काढतात. तुझा उंबरा दाखव, नाहीतर आजच बिऱ्हाड उचल."

"बाईसाहेब, एवढ्या तरातरा आलात, मग इथंच का थांबलात?" हौसाने विचारलं.

कुमुदिनीबाईंनी खाली पाहिलं. त्यांचं पाऊल रांगोळीच्या कडेशी अडलं होतं.

"तोच माझा उंबरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाचं बिऱ्हाड तिथंच होतं, आणि कुमुदिनीबाई रांगोळीला वळसा घालून दूध आणायला गेल्या.