पाळीची माती

खूप खूप वर्षं झाली याला. डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला एक तळं. तळ्याचं पाणी मातीच्या जुन्या पाळीने, म्हणजे बांधाने, अडवून धरलेलं होतं. पाळीच्या खालीच सगळी वस्ती.

गावात सगुणा नावाची कुंभारीण राहायची. तिच्या हातच्या घागरी घरोघरी होत्या. माती ती अर्ध्या कोसावरच्या ओढ्यातून डोक्यावरून आणायची. एका वर्षी जत्रेसाठी दोनशे घागरी घडवायचं काम तिच्याकडे आलं आणि दिवस उरले थोडे. पाळीला कुदळ लावू नये, असं तळ्याच्या म्हाताऱ्या राखणदाराने सगळ्यांना बजावलं होतं. पण पाळीच्या पायथ्याची माती लोण्यासारखी, आणि घरापासून चार पावलांवर. झुडपाआडून सगुणाने एक टोपली काढली. कोणी पाहिलं नाही. मग दुसरी काढली. बघता बघता खड्डा दोन हात आत गेला.

घागरी घडल्या, अंगणात वाळल्या. ज्या सकाळी त्या भाजायला भट्टीचा आवा रचायचा होता, त्याच सकाळी गावात बातमी आली, की पाळीतून पाणी येतंय.

सगुणा धावत गेली. झुडपाखालून बोटाएवढी धार लागली होती. राखणदाराने ओंजळीत पाणी धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी गढूळ होतं, म्हणजे ते आतली माती घेऊन निघालं होतं. खेकड्याचं बीळ असणार, असं म्हणून त्याने माणसं तळ्याच्या बाजूला शोधायला पाठवली. खाली बायका पोरांना आणि गुरांना घेऊन टेकडीकडे निघाल्या.

सगुणाने ओळखलं, हा तिचाच खड्डा. बोललं तर गावातून उठावं लागेल. नाही बोललं तर कुणाला कधी कळणारही नाही. धार आता मनगटाएवढी झाली होती.

ती राखणदारापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, बीळ खेकड्याचं नाही. माझ्या कुदळीचं आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "किती खोल?"

"दोन हात. आत उजवीकडे वळलंय."

रागवायला वेळ नव्हता. भोक बुजवायला चिकण माती हवी होती आणि ओढा लांब. सगुणाने एकदा घराकडे पाहिलं. "माझ्या अंगणात दोनशे घागरी आहेत," ती म्हणाली. "अजून कच्च्या आहेत."

माणसांची रांग लागली. घागरी हातोहात आल्या. सगुणा एकेक फोडायची, पाण्यात तुडवायची, गोळा करून आत ठोकायची. मागून पुरुष दगड रचत होते. ऊन कलेपर्यंत धार बारीक झाली, मग नुसते थेंब पडू लागले, मग तेही थांबले.

जत्रा नव्या घागरींवाचून पार पडली. सगुणाने जेवढी माती काढली, तेवढी ओढ्यातून आणून पाळीवर घालावी, असं पंचांनी ठरवलं. तिने मान खाली घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकडे निघाली, तर वाटेवर पाटलीणबाई टोपली घेऊन उभ्या. सगुणा संकोचली. ही शिक्षा माझी एकटीची, असं म्हणाली.

"आमच्या घरी चार रांजण आहेत," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्यांची मातीही कुठून तरी खणूनच आली ना? चल."

त्यांच्या मागे आणखी तिघी येताना दिसल्या.

तात्पर्य: घरातली प्रत्येक वस्तू धरतीच्या कुठल्या तरी जागेतून आलेली असते, ती जागा जपणं हे घडवणाऱ्याचं जसं काम, तसंच वापरणाऱ्याचंही.