टिटवीचा गुन्हा काय?

एका रानात, तळ्याच्या काठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी घर करून होती. घर कसले, नुसता खळगा आणि त्यात तिची चार अंडी. मुलांनो, तुमच्या फोनमध्ये मित्रांचे गट असतात ना, तशीच त्या रानात एक हाकसाखळी होती. ज्याला संकट दिसेल त्याने हाक द्यायची, शेजाऱ्याने ती पुढे पोचवायची, की घटकाभरात सारे रान सावध होई. या साखळीचा कारभार एका म्हाताऱ्या वानराकडे होता. तो अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसे आणि तिथून क्वचितच खाली उतरे. कोणी उगाच हाक दिली असे त्याला वाटले, तर तो त्याला साखळीतून टाकी. मग त्याची हाक कोणी पुढे न्यायची नाही आणि त्याला ओ द्यायची नाही. का टाकले, ते मात्र वानर कधी सांगत नसे. "कारण सांगितले की वाद वाढतात," असे त्याचे म्हणणे.

एके दिवशी भर दुपारी टिटवीने हाक दिली आणि कोणीच ओ दिली नाही. तिने पुन्हा हाक दिली. समोर मोर उभा होता, त्याने मान वळवली. ती त्याच्याकडे धावत गेली. "मोरदादा, माझे काय चुकले?" मोर इकडेतिकडे पाहत पुटपुटला, "मला विचारू नकोस, बाई. वरून तसे सांगणे आले आहे." बिचारी विचार करून करून थकली. आपला आवाज कर्कश म्हणून? परवा सशाशी भांडलो म्हणून? तिकडे अंड्यांचा वास काढत एक धामण रोज दुपारी गवतातून येई. पूर्वी टिटवीची हाक मोर उचले आणि मोराचा आवाज ऐकताच धामण पळ काढी. आता चार दिवस झाले, टिटवी एकटीच पंख आपटून, चोची मारून तिला कशीबशी हुसकावत होती. पिल्ले बाहेर यायला अजून तीन दिवस होते आणि तिच्या अंगात एका दिवसाचेही बळ उरले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मोराला करवंदीच्या जाळीमागे काहीतरी हलताना दिसले. बिबट्याच असावा! त्याने चोच उघडली आणि मिटली. बिबट्या नसला तर? टिटवीसारखे आपल्यालाही टाकले तर? तेवढ्यात बिबट्याने थेट अर्जुनाखालीच झेप घेतली. नेमका त्याच दिवशी वानर पाय मोकळे करायला खालच्या फांदीवर आला होता! शेपटीचे चार केस बिबट्याच्या पंजात ठेवून तो कसाबसा शेंड्यावर पोचला.

बिबट्या गेल्यावर वानर मोरावर कडाडला, "तोंडात मूग धरले होतेस का? हाक का दिली नाहीस?"

मोर घाबरला होता, पण बोलला. "आजोबा, टिटवीने काय केले ते कळले असते, तर मी तेवढे टाळले असते. ते कळलेच नाही. म्हणून मी काही करायचेच टाळले."

वानर गडबडला. "अरे, तिने तीन दुपारी खोट्या हाका दिल्या. मी इथून स्वतः पाहिले. ना बिबट्या, ना कोल्हा!"

"हे तिला विचारलेत?"

वानर झाडावरून उतरला आणि तळ्याकाठी गेला. आरोप ऐकून टिटवीला रडू फुटले. "बिबट्या आहे असे मी कधी म्हटले? धामण येते हो, आजोबा!" तिने खळग्याजवळ पडलेली धामणीची कात दाखवली. गवतात बसून वानराने चौफेर पाहिले. वरून त्याला फक्त गवताचे शेंडे दिसत आले होते. "चुकलो गं पोरी," तो म्हणाला, आणि सर्वांदेखत म्हणाला.

त्या दुपारी धामण आली. टिटवीने हाक दिली मात्र, मोराने ती उचलली, सारे रान दुमदुमले आणि धामण जी पळाली ती पुन्हा फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी चारही पिल्ले गोट्यांमधून तुरुतुरु धावू लागली. टिटवीने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! तेव्हापासून रानात रीत पडली. कोणाला शिक्षा करायची, तर अर्जुनाखाली सर्वांसमोर गुन्हा सांगायचा, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि शिक्षा किती दिवसांची तेही ठरवायचे.

पुढे एकदा पाण्यातला ओंडका पाहून टिटवीने "मगर, मगर!" म्हणून रान डोक्यावर घेतले. पाणी प्यायला आलेल्या हरणांची पळापळ झाली, एक पाडस पडून लंगडले. न बघता ओरडल्याबद्दल तिला दोन दिवस साखळीबाहेर बसावे लागले. मोर हळहळला, "वाईट वाटते का गं?"

"वाटते ना, त्या पाडसाचे," टिटवी म्हणाली. "पण माझे काय चुकले ते मला ठाऊक आहे, आणि परवा मी परत येणार आहे." एवढे बोलून ती पिल्लांना पंखाखाली घेऊन स्वस्थ बसली.

तात्पर्य : शिक्षा करणाऱ्याने कारण उघड सांगावे आणि समोरच्याचे ऐकून घ्यावे, न सांगता केलेल्या शिक्षेने चूक सुधारत नाही, फक्त सगळ्यांची तोंडे बंद होतात.